पेढे वाटून झाल्यावर

आमच्या गल्लीत चंद्रभान तायड्यांइतका सावध माणूस दुसरा नाही. तीस वर्षं विद्यापीठात पुनर्मूल्यांकनाच्या, म्हणजे पोरांच्या भाषेत रिव्हॅलच्या, खिडकीवर बसलेला माणूस सावध राहील नाही तर काय! मी त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसतो. निकालाआधीच नाचणाऱ्या पोरांना ते काय सुनावतात, ते मला पाठ आहे. "अर्ज केला म्हंजे मार्क वाढतेच असं नाई बाबू. कमी बी होते. कागद हाती आल्याबिगर घरी फोन करायचा नाई."

अशा माणसाला गाड्यांच्या शर्यतीचं वेड लागावं! स्वतः स्कूटरचा काटा चाळीसच्या वर जाऊ देत नाहीत. पण बारा वर्षांपूर्वी टीव्हीवर त्यांना फिनलंडचा हालोनेन दिसला आणि चंद्रभानभाऊ त्याचे झाले ते झालेच. हा हालोनेन चार वेळा अजिंक्यपदाच्या तोंडाशी येऊन दुसरा राहिला. कधी इंजिन गेलं, कधी टायर. दर वेळी भाऊ दोन दिवस घुम्यासारखे बसायचे आणि मायावहिनी मला विचारायच्या, "ललितभाऊ, हापिसात काई झालं का?" यंदा हालोनेन निवृत्त होणार होता. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

शेवटची शर्यत जपानात होती, आपल्याकडे रविवारी सकाळी. ती जिंकली तरच अजिंक्यपद. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी वहिनींच्या आलुबोंड्यांसाठी गेलो होतो. शेवटच्या फेरीपर्यंत पोर्तुगालचा एक चोवीस वर्षांचा पोरगा पुढे होता. अगदी शेवटच्या वळणावर हालोनेननं बाहेरून गाडी काढली आणि हातभर अंतरानं पहिला आला. भाऊ ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा असला आवाज मी ऐकला नव्हता. मग फ्रीजमधून पेढ्यांचे दोन डबे निघाले, आदल्या दिवशीच आणून लपवलेले, आणि भाऊ अनवाणी गल्लीभर वाटत सुटले. किसनराव मास्तरांना वाटलं, यांच्या पोराला नोकरी लागली. त्यांनी दोन्ही हातांनी आशीर्वाद दिला.

रिकामे डबे घेऊन भाऊ परत आले तेव्हा टीव्हीवर खाली पिवळी पट्टी सरकत होती. त्या वळणावर हालोनेनची चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर गेली, अशी दुसऱ्या संघाची तक्रार. पंच तपासणार. निकाल राखून ठेवला.

भाऊंनी डबे खाली ठेवले. "आला रिव्हॅलचा अर्ज," एवढंच म्हणाले.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, होईल सगळं ठीक. पण भाऊंनी कमी झालेले मार्क स्वतःच्या हातानं लिहिले होते, त्यांना कोण काय समजावणार? "पेढे वाटून बसलो ना मी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी वहिनी वैतागल्या. "मंग? लोकाईच्या पोटातून काढून आनता का आता?"

अडीच तास असे गेले. जेवण निवून गेलं. ते वळण पुन्हा दाखवलं की भाऊ घरातली फूटपट्टी टीव्हीच्या काचेला लावून चाक आणि रेषा मोजायचे. मला हसू यायला हवं होतं. पण मीच पुढे होऊन पट्टीचं दुसरं टोक धरलं. चार पेढे मी खाल्ले होते.

तीनच्या सुमाराला पट्टी बदलली. एक चाक रेषेवर होतं. निकाल कायम.

भाऊ नाचले नाहीत. भिंतीला डोकं टेकून बसले आणि डोळ्यांतून पाणी येऊ दिलं. "आनंद गिनंद नाई रे ललित," ते म्हणाले, "सुटलो मी. बारा वर्षं त्या मानसाचं टेन्शन घेऊन फिरून राहिलो. आता थो बी घरी बसते, मी बी बसतो. पुढच्या साली कोनी बी जिंको, मले काई घेनंदेनं नाई."

त्यांच्याकडे पाहून मलाही हायसं वाटलं. वहिनींनी वरण पुन्हा गरम केलं, ताटं वाढली. भाऊ भुकेजले होते, भराभर जेवू लागले.

भाकरी आणताना वहिनी टीव्हीपुढे थबकल्या. तो हरलेला पोरगा गाडीच्या आडोशाला एकटाच बसला होता, हेल्मेट मांडीवर धरून. "अन् या लेकराचं कसं आता?" त्यांनी विचारलं.

भाऊंचा घास हातातच राहिला. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग हळूच म्हणाले, "गाडी चांगली चालवते लेकाचा. वय बी काई नाई. पुढच्या साली, मार्चात..."

"झालं!" म्हणत वहिनींनी भाकरी ताटात टाकली.

मी त्या पोराचं नाव विचारलं.