लांडी शिकली

परवा मूल गावच्या बाजारात मोहफुलांच्या पोत्यांजवळून जाताना तो गोड, आंबूस वास आला आणि मला लांडी आठवली.

लांडी म्हणजे शेपूट तुटलेली एक वानरीण. काही वर्षांपूर्वी, प्राणी कसे शिकतात यावर मी एम.एस्सी.चा प्रबंध करत होते. डबा वाजला की चणे मिळतात, हे मी तिच्या टोळीला जंगलात महिनाभर शिकवलं. मग चणे बंद केले आणि डबा तेवढा वाजवत राहिले. कोण किती दिवसांनी यायचं सोडतं, हे मोजायचं होतं.

ऊन तापलं तशी टोळी पाण्याकडे निघून गेली. लांडी मात्र एकटी येत राहिली. रिकाम्या डब्यात हात घालायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी घड्याळाकडे बघायचे.

वाट दाखवायला गावातल्या रायबाई सोबत असत. एकदा त्या म्हणाल्या, "आमी मोह येचतो तं जनावराईसाठी दोन मुठी झाडाखाली सोडतो. तुमी हिले काऊन नाई देत?"

"दिलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, बाई."

विसाव्या दिवशी लांडी आली नाही. मी खूश होऊन वहीत लिहिलं, 'शिकली.'

दुसऱ्या दिवशी रायबाईंनी मला नाल्यात नेलं. एकटी सापडलेल्या लांडीला रानकुत्र्यांनी फाडलं होतं.

"आता लिवा," त्या म्हणाल्या.

मी वही उघडलीच नाही. पदवी मिळाली. प्रबंधात लांडी आजही शिकलेली आहे.