झग्याचा घोळ

मास्तर शिंपी होते, पण चर्चच्या मंडळीतले लोक त्यांना घोळमास्तर म्हणत ते शिवणकामामुळे नव्हे.

त्याला एकतीस वर्षं झाली. एका रविवारी उपासनेत बायबलमधल्या यशया संदेष्ट्याला झालेल्या दर्शनाचं वाचन होतं. उंच सिंहासन, त्यावर बसलेला प्रभू आणि त्याच्या वस्त्राच्या घोळानं भरून गेलेलं मंदिर. इतरांच्या कानांवरून ते नेहमीसारखं वाहून गेलं. मास्तर मात्र बाकावर ताठ झाले. घोळ म्हणजे काय हे त्या छपराखाली त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दिवसभर लोकांच्या पायांशी गुडघे टेकून ते तोच तर धरत असत. साक्ष देण्याची, उठून आपला अनुभव सांगण्याची वेळ आली तसे ते उभे राहिले. 

"मलासुद्धा," ते म्हणाले, "डोळे मिटले की घोळच दिसतो."

मागच्या बाकावर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी बसले होते. ते म्हणाले, "आम्हाला तुझ्या शिलाईत उघड्या डोळ्यांनी दिसतो."

अख्खी मंडळी हसली. चर्चचे तेव्हाचे धर्मगुरू, पाळकसुद्धा रुमालात तोंड घालून हसले. मास्तर खाली बसले ते पुन्हा साक्षीला उठले नाहीत. नाव मात्र चिकटलं. मंडळीच्या यादीत कुणीतरी त्यांच्या नावापुढं पेन्सिलीनं 'घोळ' लिहून ठेवलं, आणि पुढच्या वर्षी यादी छापून आली तेव्हा तो शब्दही छापून आला. कुणी तो काढायला सांगितलं नाही. मास्तरांनीही नाही.

दर्शन मात्र हसण्यानं गेलं नाही. दर रविवारी प्रार्थनेत डोळे मिटले की आधी नुसती फरशी दिसे. मग वेदीकडून कापड येई. जड, संथ, पायऱ्या उतरत, बाकांखालून सरकत थेट त्यांच्या बुटांपर्यंत. मास्तर वर बघत नसत. त्यांची सारी भक्ती एवढीच होती. बायकोला एकदाच सांगितलं होतं.

"चेहरा नाही दिसत?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग कुणाचा घोळ आहे हे कशावरून ठरवता? आणि एवढं बारीक दिसतं, तर माझ्या गाऊनचं तुटलेलं बटण कसं दिसत नाही?"

मास्तरांनी बटण लावून दिलं.

यंदा मंडळीला नवे पाळक मिळाले. तरुण, मऊ आवाजाचे. पाळकांनी उपासनेत घालायचा जुना झगा कोपरांवर विरला होता, म्हणून पदग्रहणाच्या रविवारासाठी नवा शिवायचं ठरलं आणि काम मास्तरांकडे आलं. एका डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आला होता. एवढं मोठं काम हातून पुन्हा होणार नाही हे त्यांना कळत होतं. त्यांना एकच हवं होतं. पाळक वेदीकडे चालत जातील तेव्हा मागून कापड पायऱ्यांवरून सरकत जावं, आणि आपल्याला जे दिसतं ते या लोकांना एकदा तरी दिसावं. बस. मग हसले तरी चालेल.

माप द्यायला पाळक दुकानात आले. कापड बघून म्हणाले, "मास्तर, एवढा घेर कशाला?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मास्तर एकतीस वर्षांत बोलले नव्हते ते बोलून गेले. "साहेब, यशयानं चेहऱ्याबद्दल काही सांगितलंच नाही. सिंहासन उंचावर, आणि यशया खाली. त्याच्या वाट्याला आला तो घोळ. नुसत्या काठानं मंदिर भरलं, तर तो स्वतः केवढा असेल? उपासना म्हणजे तो काठ धरून बसणं. वर बघायची घाई करायची नाही. सिंहासनाजवळच्या सराफीम दूतांना सहा-सहा पंख, पण तेसुद्धा दोन पंखांनी तोंड झाकतात आणि दोन पंखांनी पाय."

 पाळक खिशातून वही काढून काहीतरी लिहू लागले. मापं तर मास्तरांनी आधीच टिपून घेतली होती.

शनिवारी सकाळी वेदीमागच्या खोलीत झगा घालून बघायचं ठरलं. पाळक स्टुलावर उभे, मास्तर त्यांच्या पायांशी गुडघ्यांवर, ओठांत सात-आठ टाचण्या. मंडळीचे कारभारी जमले होते. आता घड्याळजी त्यांचे मुख्य होते.

"झगा आहे की मंडप?" एक जण म्हणाला.

"साहेब, ह्यात तुमच्याबरोबर गायनवर्गही मावेल."

"पेटीसकट."

"हसू नका रे," घड्याळजी म्हणाले. "पहिल्याच दिवशी पायरीवर अडकून पाळक आपटले, तर काय करायचं? ह्यानं मापाऐवजी स्वतःचं नावच शिवलंय."

त्या दर्शनात सराफीमानं वेदीवरचा निखारा यशयाच्या ओठांना लावला आणि त्याला बोलता आलं. मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी मान वर करून पाळकांकडे पाहिलं. ह्या माणसाला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तरी पुरे होतं. पाळकांनी आरशात पाहिलं, मग कारभाऱ्यांकडे.

"थोडा कमीच करा, मास्तर."

मास्तरांनी टाचण्या काढल्या. "किती?"

"घोट्यापर्यंत घे," घड्याळजी म्हणाले, "आणि इथंच काप. घरी नेलास तर पुन्हा घोळ घालशील."

मास्तरांनी तिथंच कापला. कात्री रेषेवरून तसूभर सरकली नाही. दीड वीत रुंदीची पट्टी स्टुलाभोवती गोल पडली. कुणीतरी ती बुटानं बाजूला सारली. मास्तरांनी ती गुंडाळून घरी आणली आणि मशीनच्या खणात ठेवली.

रविवारी पाळकांनी प्रवचनाला यशयाचं दर्शनच घेतलं. यशयानं चेहऱ्याबद्दल काही सांगितलंच नाही, ते म्हणाले. त्याच्या वाट्याला आला तो घोळ. नुसत्या काठानं मंदिर भरलं, तर तो स्वतः केवढा असेल? उपासना म्हणजे तो काठ धरून बसणं. त्यांचा आवाज फार सुंदर लागला होता. बायका डोळे पुसत होत्या. घड्याळजींनी चष्मा काढला.

मास्तरांच्या बरगडीत बायकोचं कोपर बसलं. "अहो, हे तर तुमचं…"

"गप बस."

उपासना सुटल्यावर घड्याळजी ओल्या डोळ्यांनी जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंस? घोळ म्हणजे काय ते असं सांगायचं असतं. तू त्या वेळी उठून नुसतं हसं करून घेतलंस बघ."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मास्तरांनी सोसला असता.

दुसऱ्या दिवशी पाळक झगा घेऊन दुकानात आले. "मास्तर, काल सगळ्यांचं मन भरून आलं. आता कारभारीच म्हणतायत, झग्याला घोळ हवा. ती पट्टी असेल ना? जोडून द्या." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचं नाव घेणार होतो मी. पण घोळमास्तर म्हटलं असतं तर लोक हसले असते. तुम्हालाच वाईट वाटलं असतं."

"हो," मास्तर म्हणाले. त्यांचा गुडघा खणाला टेकलेला होता. "पट्टी फेकली, साहेब."

"सगळी?"

"सगळी."

आत बायको भांडी घासत होती, तिचा हात थांबला. पाळक गेल्यावर ती दारात आली. "पाळकाशी खोटं बोललात?"

"बोललो."

"आणि ती ठेवून काय करणार? पुजणार?"

मास्तरांनी पट्टी बाहेर काढली, तिचे तळहाताएवढे तुकडे केले आणि त्यातल्या एकानं मशीनचं तेल पुसायला घेतलं. कापड चांगलं होतं. तेल लगेच शोषलं गेलं.

पुढच्या रविवारी पाळक वेदीपुढं उभे राहिले. झगा घोट्यांपर्यंत, खाली तपकिरी मोजे, त्यातला एक घसरलेला. ते पाय झाकायला काही नव्हतं. मास्तरांच्या मनात गोड काहीतरी हललं.

प्रार्थना सुरू झाली. मास्तरांनी डोळे मिटले. फरशी दिसली. ते कापडाची वाट बघत राहिले. वेदीकडून काही आलं नाही. मग पायरीवर दोन घोटे दिसले, तपकिरी मोज्यांतले, एक मोजा घसरलेला. त्यांनी डोळे उघडून पुन्हा मिटले. घोटे तिथंच होते.

पाळकांनी त्या दिवशी प्रार्थना फार लांबवली.