हा कॉल ट्रेनिंगसाठी रेकॉर्ड होऊ शकतो

सातपुते सरांचं पाठ्यपुस्तकांशी हाडवैर होतं. "ज्या पुस्तकात जॉन मेरीला घेऊन टेकडीवर पिकनिकला जातो, ते माझ्या पोरांच्या काय कामाचं?" असं ते विचारायचे. पोरं म्हणजे चाळिशी उलटलेले सिक्युरिटी गार्ड, लिफ्ट पुसणारे, एसी दुरुस्त करणारे बाप्ये. त्यांना दुबईत ना टेकडी भेटते ना मेरी. त्यांना भेटतं ते पार्किंगमधल्या पाटीवरचं इंग्रजी, लिफ्टमधल्या नोटिशीचं इंग्रजी, टॅक्सीतल्या रेडिओवरच्या जाहिरातीचं इंग्रजी, आणि भडकलेल्या भाडेकरूचं फोनवरचं इंग्रजी. म्हणून सर वर्गात तेच आणायचे. सुपरमार्केटच्या ऑफरची पत्रकं, पाणी बंद राहणार असल्याच्या नोटिसा, मेट्रोतल्या घोषणा मोबाइलवर टिपून घेतलेल्या. त्यांची पिशवी उघडली की रद्दीवाल्याची वाटे.

सरांचं नाव विजयकुमार. मूळचे कऱ्हाडचे. शारजातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला आले, ती शाळा बंद पडली, आणि इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत ट्रेनर म्हणून चिकटले. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या कंपनीच्याच टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर त्यांना कमी भाड्याचा फ्लॅट मिळाला होता. व्हिसा कंपनीचा, घर कंपनीचं. अशा ठिकाणी माणूस हळूहळू मान खाली घालून चालायला शिकतो. सरही शिकले होते. फक्त वर्गात ती मान वर यायची.

त्यांच्या पद्धतीची पहिली विद्यार्थिनी म्हणजे त्यांची बायको, शोभना. ती इथं आली तेव्हा डिलिव्हरीवाला आला की आत जाऊन बसायची. त्याने काही विचारलं तर काय सांगायचं, ही धास्ती. मुलगा वेदांग शाळेतून येऊन इंग्रजीत काही बोलला की नुसती हसायची. सरांनी तिला पुस्तक दिलं नाही. रेडिओवरच्या जाहिराती ऐकवल्या, नोटिसा वाचायला लावल्या, आणि शेवटी कस्टमर केअरला फोन लावायला बसवलं. स्पीकर चालू, शेजारी सर. आधी समोरच्याची विचारपूस करायची, मग अडचण सांगायची, कुणाला दोष द्यायचा नाही, विनंती करायची आणि आभार मानून फोन ठेवायचा. ज्या दिवशी तिने एकटीने फोन करून गीझर दुरुस्त करून घेतला, त्या दिवशी सर श्रीखंड घेऊन घरी आले. "आता मला इथं कुणाची भीती नाही," ती म्हणाली. सरांना आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल.

वर्गात सरांचा जीव होता हमदुल्लावर. पाकिस्तानातल्या स्वातकडचा, उंच, पन्नाशीकडे झुकलेला, सरांच्याच टॉवरमध्ये लिफ्ट आणि जिने पुसणारा. त्या टॉवरच्या रिसेप्शनवर एक जागा रिकामी होणार होती. एसीतली खुर्ची, बरा पगार, आणि लोक नावाने हाक मारतात. अट एवढीच की ट्रेनिंगची परीक्षा पास व्हायची आणि ट्रेनरची शिफारस हवी. त्या खुर्चीसाठी हमदुल्लाने जिवाचं रान केलं होतं. लिफ्ट पुसता पुसता तो नोटीस मोठ्याने वाचायचा. सकाळी सर दिसले की दिवस सुरू व्हायच्या आधीच "सर, हाऊ वॉज युवर डे?" म्हणून विचारायचा.

सर हसून उत्तर द्यायचे, आणि लिफ्टमधून बाहेर पडले की कोंडलेला श्वास सोडायचे. ऑगस्टमध्ये त्या लिफ्टमध्ये वास यायचा. कंपनी युनिफॉर्म देते दोन. त्यातला एक लॉन्ड्रीत गेला की लवकर परत येत नाही, आणि तळघरातल्या पार्किंगचा उकाडा माणसाला पिळून काढतो. हे सगळं सरांना ठाऊक होतं. ते वरिष्ठांच्या कानावर घालायला मात्र त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं.

आता या कंपनीच्या हेल्पडेस्कला फोन लावला की आधी एक बाई सांगते, हा कॉल ट्रेनिंगसाठी रेकॉर्ड होऊ शकतो. जगात आजवर कुणी ते वाक्य मनावर घेतलेलं नाही. सरांनी घेतलं. ट्रेनिंग विभागाच्या एमानकडे जाऊन म्हणाले, ट्रेनिंगसाठी रेकॉर्ड करता ना, मग द्या की ट्रेनिंगला! एमान जॉर्डनची, मोकळ्या स्वभावाची. "यल्ला, व्हाय नॉट," म्हणाली, आणि हेल्पडेस्ककडून नाव आणि फ्लॅट नंबर कापलेले काही कॉल मागवून तिने सरांना पाठवले. सरांनी ते आधी ऐकले नाहीत. त्यातच त्यांची फुशारकी होती. मीही तुमच्यासोबत पहिल्यांदाच ऐकणार, खऱ्या फोनची कुणी रंगीत तालीम करतं का, असं त्यांनी वर्गाला ऐटीत सांगितलं. शिक्षकाने धडा आधी वाचून जावा, हे बी.एड.ला पहिल्याच महिन्यात शिकवतात.

पहिला कॉल गळक्या नळाचा होता, दुसरा पार्किंगचा. वर्ग रंगात आला. तिसरा सुरू झाला. "गुड मॉर्निंग, आय होप यू आर डूइंग वेल." सरांचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. आवाज शोभनाचा होता. खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांना अभिमानच वाटला. एसीबद्दल असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी चालू ठेवलं.

एसीबद्दल नव्हतं. आमच्या मजल्यावर लिफ्ट पुसायला एक उंच माणूस येतो, तो भला आहे, त्याच्या कामाबद्दल काहीच म्हणणं नाही, असं ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगत होती. पण त्याच्या अंगाला फार वास येतो, लिफ्टमध्ये मळमळतं. "प्लीज डोन्ट स्कोल्ड हिम. बट काइंडली सेंड अस अ डिफरंट मॅन." मग आभार, मग तुमचा दिवस चांगला जावो.

इथं सरांनी मोबाइल बंद करून चहाची सुट्टी दिली असती तरी निभावलं असतं. पण बंद केलं तर का केलं ते सांगावं लागलं असतं. नेहमीचे प्रश्न तोंडात आले आणि त्यांनी विचारून टाकले. "व्हॉट इज द प्रॉब्लेम?" ओवेस नावाचा गार्ड वर्गात नवाच होता. कुठला टॉवर, कुठला मजला, बिचाऱ्याला काही माहीत नाही. तो टुणकन उभा राहिला. "द मॅन इज स्मेलिंग, सर!" दोघंतिघं हसले. मग तो उंच माणूस कोण हे त्यांना कळलं, आणि एकेक नजर हमदुल्लाकडे वळली.

"अँड व्हॉट डज शी वॉन्ट?"

 हमदुल्ला उभा राहिला. "अदर मॅन," तो म्हणाला.

"गुड. फुल सेंटेन्स, प्लीज."

हे सर म्हणाले. मुद्दाम नाही म्हणाले, पंचवीस वर्षांची वळण पडलेली जीभ, ती बोलून गेली. पण म्हणाले. हमदुल्लाने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, "शी वॉन्ट्स अ डिफरंट मॅन, सर." एकही चूक नव्हती. मागून कुणीतरी सहज बोललं, "सर, ये मॅडम तो बिलकुल आपके जैसा बोलती है." सर मोबाइल खिशात घालत म्हणाले, "होगी कोई."

घरी शोभना मेथी निवडत बसली होती. सरांनी बूटही काढले नाहीत.

"तू हेल्पडेस्कला फोन केला होतास?"

"हो. कसं बोलले? एकदाही अडखळले नाही."

"त्या माणसाचं नाव हमदुल्ला. माझा विद्यार्थी आहे तो."

शोभनाचे हात थांबले. "मला काय ठाऊक? तुम्ही कधी सांगितलंत? अहो, मला लिफ्टमध्ये उमासे यायचे. त्याच्या तोंडावर बोलले असते म्हणजे बरं दिसलं असतं का? तुम्हीच म्हणता ना, माणसाशी भांडू नये, ऑफिसला सांगावं, नीट सांगावं."

"बाबा, इट्स नॉट अ बिग डील," वेदांग आतून म्हणाला. "शी सेड प्लीज अँड एव्हरीथिंग."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सर रागावणार कुणावर? शोभना रडवेली झाली होती. "मी उद्या फोन करून तक्रार मागे घेते. माझंच चुकलं म्हणते," ती म्हणाली. आधी मी ऑफिसात विचारतो, असं म्हणून सरांनी तिला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी एमानने कॉम्प्युटरवर पाहिलं. "खलास," ती म्हणाली. तक्रार मिटली होती, म्हणजे कंपनीच्या लेखी मिटली होती. हमदुल्लाची बदली दूर अजमानच्या गोदामात. रिसेप्शनसाठीच्या नावांतून त्याचं नाव काढलेलं. ज्याच्याबद्दल तक्रार आहे, तो माणूस रहिवाशांसमोर कसा बसवणार? "त्या बाईंनी तक्रार मागे घेतली तर अजून काही करता येईल," एमान म्हणाली. "पण नाव हेल्पडेस्कलाच दिसतं, मला नाही. तुम्ही ओळखता का त्यांना?"

ट्रेनरच्या घरातूनच तक्रार, ती ट्रेनरनेच वर्गात वाजवलेली, घर कंपनीचं, व्हिसा कंपनीचा. सरांना हे सगळं एका दमात दिसलं. शोभनाने एक फोन केला असता तर हमदुल्लाची खुर्ची वाचत होती, पण त्या फोनबरोबर सरांचं नावही बाहेर पडत होतं.

"नाही," ते म्हणाले. "मी कुठला ओळखणार?"

घरी येऊन त्यांनी शोभनाला सांगितलं की आता उशीर झाला, फोन करून काही उपयोग नाही. तिने विश्वास ठेवला. नवऱ्याच्या शब्दावर तिने कधीच शंका घेतली नव्हती.

पुढच्या आठवड्यात एमानने सरांना बोलावून घेतलं. चेहरा नेहमीचा नव्हता. तिने हेल्पडेस्कवरचं एक रेकॉर्डिंग लावलं. "गुड मॉर्निंग, मॅडम. आय होप यू आर डूइंग वेल." हमदुल्ला बोलत होता. मागे गोदामातली फोर्कलिफ्ट पीप पीप करत होती. माझे सर फार चांगलं शिकवतात, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, असं तो इंग्रजीत सांगत होता. पण माझ्याबद्दलची तक्रार त्यांनी सगळ्या वर्गाला ऐकवली आणि मला उभं राहून ती म्हणायला लावली. त्या मॅडमचा आवाज मी ओळखतो, त्या रोज मला थँक्यू म्हणतात. सरही ओळखतात, त्या त्यांच्याच घरच्या आहेत. कृपा करून सरांना रागावू नका. "बट काइंडली सेंड द बॉइज अ डिफरंट टीचर." मग त्याने आभार मानले आणि फोन ठेवला.

"तुम्ही म्हणाला होतात, ओळखत नाही," एमान म्हणाली.

 सर मान खाली घालून उभे राहिले. हमदुल्लाला गोदामातून परत आणता येईल का, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण खोटं पकडलं गेलेल्या माणसाने दुसऱ्याची रदबदली कोणत्या तोंडाने करायची? रिसेप्शनच्या खुर्चीवर तोवर दुसरा कुणी बसलाही होता.

सरांची नोकरी गेली नाही, वर्ग गेला. त्यांना स्टोअरमध्ये साबणाचे आणि फिनेलचे डबे मोजायला बसवलं. व्हिसा राहिला, घर राहिलं. कंपनीने तसं पाहिलं तर मोठं मन दाखवलं.

शोभनाला वर्ग गेल्याचं कळलं, का गेला ते नाही, आणि ती संतापली. "असा कसा काढला तुमचा वर्ग? इतक्या लोकांना बोलतं केलंत तुम्ही! थांबा, मी बोलते त्यांच्याशी. नीट बोलते, रागवत नाही. माझंच उदाहरण देते त्यांना." तिने मोबाइल उचलून नंबर लावलासुद्धा. पलीकडे घंटा वाजायला लागली.

"ठेव तो फोन!" सर ओरडले. "तोंड उघडू नकोस. इथं कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, समजलं?"

इतक्या वर्षांच्या संसारात ते तिच्यावर असे कधी ओरडले नव्हते. शोभनाने फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. सर का ओरडले ते त्यांनी तिला सांगितलं नाही, आजतागायत सांगितलेलं नाही. आपल्या बोलण्यातच काहीतरी चुकतं, असं तिने धरून घेतलं आहे. आता शाळेतून, दवाखान्यातून, कुठूनही फोन आला की ती तो वेदांगच्या हातात देते. "मम्मा, यू कॅन टॉक," तो म्हणतो. ती सरांकडे एकदा बघते आणि नको म्हणून मान हलवते.