आक्कांनी गाळलेले कडवे

शाहीर द्वारकाबाई कळसकर, म्हणजे आम्हा सर्वांच्या आक्का, यांना मी आधी ऐकले आणि मग पाहिले. आमच्या कऱ्हाटीच्या जत्रेतला संध्याकाळचा कार्यक्रम होता. पुढे सतरंज्यांवर पुरुष मंडळी बसली होती आणि आम्ही बायका रिवाजाप्रमाणे पार मागे, देवळाच्या भिंतीला टेकून. लग्न होऊन मी नुकतीच गावात आले होते आणि गावातल्याच शाळेत शिकवू लागले होते. मागून आम्हाला दिसत होते ते फक्त फेटे आणि टोप्या. गण संपला आणि कर्ण्यातून प्रश्न आला, "मागं बसलेल्या बाया म्होरं का येत न्हाईत?"

"आक्का, म्होरं जागा न्हाय," कमिटीतले कोणीतरी म्हणाले.

"मग मीच येते की."

आणि त्या खरोखर आल्या. हातात तुणतुणे, मागे गळ्यात ढोलकी अडकवलेले त्यांचे यजमान मारुतराव. गर्दीतून वाट काढत त्या देवळाच्या भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता हितं म्होरं." पुरुष मंडळींना सतरंज्या उचलून तोंडे फिरवावी लागली. त्या संध्याकाळी आमच्या गावात पहिल्यांदा बायका पहिल्या रांगेत बसल्या, आणि त्यासाठी एकाही बाईला जागचे उठावे लागले नव्हते. मी भान विसरून मागून सूर देत झील धरत होते. कार्यक्रम संपल्यावर आक्कांनी विचारले, "ह्यो आवाज कुणाचा?" बायकांनी मला पुढे ढकलले. तेव्हापासून मी त्यांच्या मागे उभी राहून गाते आहे. आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या निमित्ताने निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच.

आक्का कळसच्या. घरचे रान बागायती, निम्म्यात ऊस आणि निम्म्यात पेरू. त्यांची बहुतेक गाणी खुरपताना जुळलेली आहेत. खुरप्याच्या लयीत ओळ बसली तरच ती गाण्यात राहते, नाहीतर तणाबरोबर बांधावर जाते, असे त्या सांगतात. त्यांच्या व्यासपीठाचा एक नियम आहे: कोणत्याही पुढाऱ्याचे नाव घेऊन स्वागत करायचे नाही. पुढारी आले तर आनंदाने बसावे, ऐकावे, चहा घ्यावा. एका गावात सूत्रसंचालकाने हौसेने नावे वाचायला सुरुवात केली, तेव्हा आक्का खाली उतरून शेंगा खात बसल्या. नावे संपल्यावर वर आल्या आणि म्हणाल्या, "हं. हजेरी झाली? आता गाऊ."

त्यांचे जे गाणे आज सर्वांच्या तोंडी आहे, ते त्यांच्या घरातच जन्मले. साखर कारखान्याचा शेअर आक्कांच्या नावावर होता, पण वार्षिक सभेला मारुतराव जात. एके वर्षी ते सभेवरून आले आणि आक्कांनी भाकरी थापता थापता विचारले, "काय ठराव झाला?" मारुतराव म्हणाले, "झाला कायतरी. समद्यांनी हात वर केलं, मीबी केला." त्या म्हणाल्या, "हात तुमचा, पर मत माझं हुतं न्हवं?" आठवड्याच्या आत गाणे तयार झाले:

रान माझं, ऊस माझा, खुरपं माझ्या हाती,
सभेमंदी हात वर करतो माझा पती!
हात त्याचा, मत माझं, कुणी दिलं कुणा?
इचारलं तर म्हणत्यात, 'बाई, गप ऱ्हा ना!'

या गाण्यावर ढोलकी वाजवतात ते मारुतरावच. 'पती' हा शब्द आला की ते थाप मारून मान लववतात आणि हशा पिकतो. कोणी डिवचले तर म्हणतात, "व्हय, मीच त्यो. आन् तू कोण? तुझ्या घरचा शेअर कुणाच्या नावावर हाय?" स्वतःवरचे गाणे इतके मन लावून वाजवणारा दुसरा वादक माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या श्रोत्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतली माणसे त्यात आहेत. कळसचा कार्यक्रम जास्त रंगला की अंथुर्ण्याचा, आक्कांनी चढ्या पट्टीत गावे की खालच्या, यावर तिथे तासन् तास वाद चालतात. पण सभेचे गाणे आल्यापासून वाद वेगळाच झाला. अंथुर्ण्याचे शंकरतात्या म्हणून एक जुने ऊस बागायतदार आहेत. आक्कांचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवलेला नाही, आणि आक्कांचे एकही मत त्यांना पटलेले नाही. त्यांनी गटावर लिहिले, "आक्कांचा आवाज लाखात एक. पण आक्कांनी गावं, राजकारण करू नये. कारखाना हाय म्हणून आपण हाय." झाले! तरुण मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. कोणी त्यांना चमचा म्हटले, कोणी त्यांना गटातून काढून टाका म्हणाले. दुसऱ्या दिवशी आक्कांचा आवाजी निरोप आला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

"तात्यांना काढायचं न्हाय. ज्याला पटतं त्याच्यासाठी कशाला गाऊ? त्येला म्हाईतच हाय. ज्याला पटत न्हाय आन् तरीबी म्होरं येऊन बसतो, त्येच माझं खरं गिऱ्हाईक. आन् पोरांनो, शिव्या देऊ नगा. यमकात बसत न्हाईत."

पुढच्या वर्षी अंथुर्ण्याच्या जत्रेचे आमंत्रण आले. निवडणुकीचे दिवस होते. कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी शंकरतात्या स्वतः कळसला आले. ते जत्रा कमिटीत होते. मी तालमीसाठी तिथेच होते. तात्यांनी पेरू खाल्ले, पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या आणि शेवटी खाली बघत म्हणाले, "आक्का, सभेचं गाणं म्हणा. पर त्ये शेवटचं कडवं गाळा. मोठी माणसं येणार हायेत."

"कुठलं? खुर्चीचं?"

"व्हय."

"ह्ये तुमी म्हणताय का कमिटी?"

"कमिटी म्हणती. मीबी म्हणतो."

आक्कांनी थोडा विचार केला. "तुमी तोंडावर सांगाया आला, म्हणून ऐकते. कडवं म्हणणार न्हाय. पर गाळलंय ह्ये मात्र सांगणार. खोटं गाणं म्हणायची सवय न्हाय मला."

तात्यांनी मान हलवली. ते काय समजले, मला ठाऊक नाही. मी मात्र घाबरले होते, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी मैदान भरले होते. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर पाहुणे, त्यांच्या मागे जमिनीवर तात्या. सभेचे गाणे सुरू झाले, रंगले. शेवटच्या कडव्याशी आक्का थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हितं एक कडवं हाय. त्ये गाळा, असं मला सांगितलंय. मी शब्द दिलाय, तवा म्हणणार न्हाय. पर कडव्याची जागा हाय, ती कुणी गाळू शकत न्हाय. मारुतराव, वाजवा."

मारुतराव वाजवू लागले. आक्का ओठ मिटून, तुणतुणे छातीशी धरून उभ्या. नुसती ढोलकी. पहिली ओळ अशीच रिकामी गेली. मला वाटले, आता लोक उठणार. मग डावीकडून, बायकांच्या बाजूने, एक चिरका आवाज आला. पाठोपाठ दुसरा. मोबाइलवर ऐकून ऐकून त्यांना ते पाठ होते. बघता बघता सगळे मैदान गाऊ लागले:

खुर्चीवरल्या पाव्हण्या, जरा इकडं बघ,
ठराव तुझा झाला आधी, आमाला कळला मग.
मंजूर मंजूर वरडत्यात त्यांची तोंडं मोज,
तोंड शिवून दारामागं आमी उभ्या रोज!

पाहुणे उठून गेले. शंकरतात्या गायले नाहीत, पण उठलेही नाहीत. आक्कांनी दिलेला शब्द पाळला होता. एक अक्षर उच्चारले नव्हते. ठपका ठेवायचा तर सगळ्या मैदानावर ठेवावा लागला असता.

ठपका अर्थातच त्यांच्यावरच ठेवला गेला. त्या हंगामातले कार्यक्रम एकेक करून रद्द झाले. कोणी म्हणाले तारीख बसत नाही, कोणी म्हणाले यंदा ऑर्केस्ट्रा ठरलाय. गटावर जुने चाहतेसुद्धा लिहू लागले की आक्कांनी दिलगिरी व्यक्त करून मोकळे व्हावे. मग विरोधी बाजूचे लोक मोटार घेऊन कळसला आले. आमच्या मंचावर या, पाहिजे ते कडवे म्हणा, म्हणाले. आक्कांनी त्यांना चहा दिला आणि विचारले, "उद्या तुमी त्या खुर्चीवर बसलात, तर ह्येच गाणं तुमाला म्हणणार. चालंल?" पाहुणे हसले. चहा पिऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. आमचे चाहते आजही भांडतात की आक्का नक्की कोणत्या बाजूच्या. ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा.

याच काळात माझ्या शाळेच्या संस्थाचालकांनी मला बोलावून समज दिली. शिक्षिकेने असल्या मंचावर दिसू नये, असे त्यांचे म्हणणे. आक्कांच्या कानावर ते गेले. त्या एसटीने कऱ्हाटीला आल्या, माझ्या सासूबाईंपाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "सुमन, यंदा तू येऊ नगस. तुझी नोकरी हाय. झील मारुतराव धरत्याल, बेसूर का हुईना." स्वतःच्या बाबतीत तसूभर न वाकणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी एवढी वाट वाकडी केली होती. मी काही बोलण्याआधी सासूबाईच म्हणाल्या, "त्यो माणूस बेसूर गातो. हिलाच न्या." मी गेले. संस्थेने मला स्नेहसंमेलनाच्या कामातून वगळले. त्यापलीकडे काही झाले नाही, आणि झाले असते तरी मी गेलेच असते.

जत्रांतले कार्यक्रम बंद झाले तेव्हा आक्का दुपारच्या गाऊ लागल्या. पेरूच्या प्रतवारीच्या शेडमध्ये, भेंडी-वांगी निवडणाऱ्या बायकांमध्ये, आमच्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधता बांधता. ना कर्णा, ना खुर्च्या. गाणे झाले की प्रत्येकीला विचारायच्या, "शेअर कुणाच्या नावावर? सभेला कोण जातं?" बायका लाजायच्या, हसायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या. माझ्या मते आक्कांचे सर्वांत मोठे कार्यक्रम ते. त्यांचे चित्रण कोणाकडे नाही.

मग कारखान्याची वार्षिक सभा आली. मंडपाच्या दारावर आम्ही, शेअर नावावर असलेल्या बायका, पोहोचलो तेव्हा तिथला कार्यकर्ता अदबीने म्हणाला, "महिलांची नाश्त्याची सोय पलीकडं हाय."

"आमी खायाला न्हाय आलो, बाळा," आक्का म्हणाल्या. "आमी सभासद हाय."

आत नेहमीसारखे विषय वाचले जात होते आणि "मंजूर, मंजूर" होत होते. कालव्याच्या शेवटाकडच्या, पाणी नीट न पोहोचणाऱ्या गावांचा ऊस आधी तोडण्याचा विषय पुढच्या वर्षावर ढकलायचा ठराव आला. "मंजूर!" असा गजर झाला. आक्का उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्या गायल्या नाहीत. एकच शब्द म्हणाल्या, "नामंजूर." मग आमच्या रांगेतून तोच शब्द पुन्हा पुन्हा आला. अध्यक्ष चष्मा काढून बघत राहिले. "कारण सांगा," आक्का म्हणाल्या, "शेवटाचा ऊस वाळल्यावर तोडायचा का?" अध्यक्षांना कारण सांगावे लागले. ते लांबलचक होते आणि फारसे पटणारे नव्हते. ठरावही शेवटी मंजूरच झाला. हे मी लपवत नाही, कारण गौरवलेखात पराभव लपवला तर आक्का मला बोलतील. पण त्या सभेत अध्यक्षांना पहिल्यांदा बायकांच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले, आणि तेव्हापासून दर सभेला द्यावे लागते आहे. मारुतराव आता सभेला येत नाहीत. घरी थांबून स्वयंपाक करतात आणि आल्यावर विचारतात, "काय ठराव झाला?"

त्या सायंकाळी शंकरतात्यांनी गटावर लिहिले, "आक्कांचं मत चूक हाय. पर इचारायचा त्यांचा हक्क हाय." यावर पुन्हा वाद पेटला. तो अजून चालू आहे. अंथुर्ण्याच्या जत्रेचे बोलावणे गेल्या वर्षी पुन्हा आले. पत्रिका घेऊन तात्याच आले होते. या खेपेस त्यांनी काही गाळायला सांगितले नाही.

सत्काराची कल्पना आम्ही मांडली तेव्हा आक्का आधी रागावल्या. मग अटी घातल्या: मंचावर पुढारी नको, शाल नको, आणि ग्रंथात त्यांच्याशी न पटणाऱ्यांचे लेखही हवेत. म्हणून तात्यांचा लेख माझ्या लेखाशेजारीच आहे. तो वाचून मला राग आला. आक्का मात्र वाचून घेताना हसत होत्या.

आक्का, डोळ्यांचे ऑपरेशन यंदा करून घ्या, गुडघ्यांना तेल लावा, थंड पाणी पिऊ नका. आम्ही तुमच्यावर प्रेम करणारी माणसे तुम्हाला उदंड आयुष्य मागतोच आहोत. त्यात नवल नाही. पण माझे मागणे त्याहून थोडे जास्त आहे. ज्यांना तुमचे गाणे खुपते, त्यांनाही ते अजून पुष्कळ वर्षे, अगदी पहिल्या रांगेत बसून, तुमच्याच ठणठणीत आवाजात ऐकावे लागो.