स्टिअरिंगवरचा गिअर

उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की तंजावूरजवळच्या आमच्या शेतघरातली ती सकाळ आठवते आणि अजून माझं माथं भडकतं. आईला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या. अंगणात वडिलांची नवी अँबॅसडर उभी होती, पण त्यांना ती चालवता येत नव्हती आणि ड्रायव्हर तिरुवैयारूला गेला होता. कोलंबोहून माहेरी आलेली आत्या तिकडे रोज स्वतःची मॉरिस मायनर चालवायची. तिने किल्ली मागितली. "तुमची सिलोनची गाडी वेगळी," वडील म्हणाले, "तिचा गिअर खाली असतो, हिचा स्टिअरिंगला आहे. बाईमाणसाला नाही जमायचं." "अय्यो अण्णा, दांडा तेवढा वर गेलाय! वहिनीकडे बघ तरी!" वडील हलले नाहीत. आत आई ओरडत होती आणि ते फाटकाशी ड्रायव्हरची वाट पाहत होते. दुपार कलली तेव्हा आत्याने त्यांच्या खिशातून किल्ली ओढून घेतली. अंगणात गिअर करकरला खरा, पण कालव्याच्या पुलापर्यंत तिचा हात बसलाही होता. आई वाचली. भाऊ वाचला नाही. "सकाळीच का नाही आणलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर वडील म्हणाले, "गाडी वेगळी होती ना." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पुढे हेच सांगत राहिले आणि माणसं माना डोलवत राहिली. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं लोटली. मला मात्र अजून त्यांना माफ करवत नाही.