रिजेक्ट मामांचा भैरोबा

मामांचा उजवा अंगठा हे आमच्या कंपनीतलं सगळ्यात भरवशाचं मोजमापाचं यंत्र होतं. मशिनवरून नुकताच उतरलेला शाफ्ट हातात घेतला की मामा डोळे मिटायचे, अंगठा एकदा कडेवरून फिरवायचे आणि म्हणायचे, "बर हाय." धातू कापताना कडेला जी केसाएवढी खरखर राहते, तिला आमच्या धंद्यात बर म्हणतात. आम्ही भिंग आणायचो, दिवा धरायचो, शेवटी ती सापडायची, आणि तोवर मामांनी तो शाफ्ट लाल डब्यात टाकलेला असायचा. लाल डबा नापास मालाचा. मामांच्या टेबलाजवळचा हा डबा इतरांपेक्षा लवकर भरायचा, म्हणून सगळी शिफ्ट त्यांना 'रिजेक्ट मामा' म्हणायची. प्रॉडक्शनवाले आणखीही काही म्हणायचे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी चाकणला क्वालिटीत इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा कागदोपत्री मामांचा साहेब होतो आणि प्रत्यक्षात त्यांचा भाडेकरू. कंपनीपासून चार किलोमीटरवरच्या गावठाणात त्यांचं घर होतं आणि त्याच्या माडीवर माझी खोली. कंपनीच्या गेटच्या आत ते मला "साहेब, सही करा" म्हणायचे. गेटच्या बाहेर पाऊल पडलं की तेच मामा "प्रमोद, येताना कोथिंबीर घिऊन ये, मामीनं सांगितलंय" म्हणून मोकळे व्हायचे. सात वर्षांत त्यांची या बाबतीत एकदाही गल्लत झाली नाही. माझीच व्हायची. एकदा मॅनेजरसमोर मी त्यांना "मामा, आज भाजी काय?" असं विचारून बसलो होतो.

मामा जातीनं आणि कामानं गुरव. गावच्या भैरोबाची पूजा त्यांच्या घराण्याकडे. पहाटे उठून आंघोळ, मग देवळात पाणी, तेल, शेंदूर, आरती, आणि सव्वासहाला नाक्यावर कंपनीची बस. त्यामुळे पहिल्या शिफ्टच्या पहिल्या तासात त्यांच्या त्या प्रसिद्ध अंगठ्याच्या नखात शेंदूर असायचा. एकदा परदेशी ग्राहकाच्या माणसानं शाफ्टवर केशरी बोट उमटलेलं पाहून हे कसलं कोटिंग म्हणून विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, त्यांना सांगा, ह्ये आमचं ॲंटिरस्ट हाय." मी सांगितलं. त्यानं वहीत लिहूनही घेतलं.

आमचा भैरोबा म्हणजे कमरेएवढा शेंदराचा गोळा. वर्षानुवर्षं थरावर थर चढत गेलेले, त्यात बसवलेले दोन चांदीचे डोळे, आणि बाकी काही नाही. आतला दगड गावात कुणीही पाहिलेला नव्हता. पण आत भैरोबाचं कोरीव तोंड आहे, नाक आहे, मिशा आहेत, असं गाव मानत होतं. मामांना हे त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, वडिलांना आजोबांनी. शेंदराचं कवच कधीतरी आपोआप सुटतं, त्याला हत्यार लावायचं नाही, असा रिवाज. ते सुटेल तेव्हा देव तोंड दाखवील. नवस फेडायला आलेल्या माणसाला मामा हे सगळं सांगायचे, आणि तो निघून गेला की अंगठा धोतराला पुसत बसून राहायचे.

का बसून राहतात ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. देवळाच्या पायरीवर आम्ही शेंगा खात बसलो होतो. मामा एकदम म्हणाले, "प्रमोद, सगळ्या नोकरीत मी एक पीस न तपासता सोडला न्हाई. एकच सोडलाय." आणि त्यांनी मागं गाभाऱ्याकडे हनुवटी केली. "आत तोंड हाय म्हणून सही ठोकून बसलोय. बघितलं कुणी?"

"मग सांगता कशाला लोकांना?"

"बापानं सांगितलं म्हणून. आरं, ड्रॉइंग बघितलंय मी, पीस बघितला न्हाई." शेंग फोडता फोडता ते पुढं म्हणाले, "डोळं मिटायच्या आत एकदा बघायचंय. मग हाय तर हाय, न्हाई तर न्हाई. पण ही बिनतपासणीची सही लई टोचती."

देवाधर्माच्या गोष्टी त्यांनी माझ्याशी कराव्यात याचं मला नवल वाटायचं, कारण मी देवळात हात जोडत नसे. आई आजारी पडली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. ती अंथरुणाला होती ते चार महिने मी दिसेल त्या देवाला विनवलं, उपास केले, अनवाणी फिरलो. आई गेली. कुठूनही काही उत्तर आलं नाही, अगदी 'नाही' असंही नाही. तेव्हापासून मी तो नाद सोडला होता. हे मी मामांना सांगितलं तेव्हा वाटलं, आता कर्म, प्रारब्ध, देवाची मर्जी यातलं काहीतरी ऐकावं लागणार. मामा म्हणाले, "बरोबर हाय तुजं. नापास करायला कारण लागतं, आन् तुज्यापाशी कारण हाय. माज्यापाशी तर पास करायलाबी न्हाई." आईच्या बाबतीत मला इतकं प्रामाणिक बोलणारा दुसरा माणूस भेटला नाही. त्या दिवशी मी त्यांचा झालो, असं म्हटलं तरी चालेल.

पुढं एका रविवारी मला खोडी सुचली. कंपनीत थर किती जाड आहे ते मोजायचं एक छोटं यंत्र होतं, ते मी खिशात घालून आणलं आणि देवळात मामांच्या हातावर ठेवलं. म्हटलं, "मामा, हत्यार नाही हे. टेकवायचं फक्त. निदान शेंदूर किती आहे ते तरी कळेल." मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं. डोळ्यांत अशी हाव आली की मला हसू आवरेना. "किती जाडीपतूर घेतं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले, थांबले, परत आले. "याचा गेटपास क्येला व्हता का?"

"नाही."

"मंग चोरीच्या गेजनं देव मोजायचा व्हय? उद्या सकाळी आदी जागेवर ठिव." सोमवारी कंपनीत त्यांनी मला 'साहेब, साहेब' म्हणत, अत्यंत आदरानं, सगळ्यांदेखत उपकरणांच्या नोंदवहीचा नियम वाचून दाखवला. मी मान खाली घालून ऐकला. बिनतपासणीची सही टोचत होती तरी तपासणी चोरून करायची नाही, असा त्यांचा हिशेब होता.

मामा निवृत्त झाले. माझं लग्न झालं, मुलगी झाली, मी मोशीला फ्लॅट घेतला. गावठाणाच्या चारी बाजूंनी गोदामं आणि टॉवर उभे राहिले, मधे भैरोबा तसाच. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. त्यातल्या उजव्याचं ऑपरेशन पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात झालं. मी त्यांना घरी आणून सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला मामींचा फोन आला. "प्रमोद, ताबडतोब ये. कवच सुटलंय. हे म्हणत्यात, तू आल्याबिगर कुणाला सांगायचं न्हाई."

वीस मिनिटांत पोचलो. वैशाखातल्या उन्हानं तडकलेलं कवच रात्रीत सुटून दोन तुकडे होऊन पडलं होतं. मामा उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून गाभाऱ्यात ताठ बसले होते. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. डाव्या डोळ्यानं त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि ते पाहायला डोळा नव्हता.

"आलास? एकट्याच्या सहीवर पीस पास व्हत न्हाई," मामा म्हणाले. "आदी मी बघतो. मंग तू बग. आन् रिपोर्ट खरा दे. माजी शपथ हाय तुला."

त्यांनी अंगठा पुढं केला. दगडाच्या माथ्यापासून सुरुवात करून, एकेक बोट खाली उतरत, डावीकडून उजवीकडे, कुठलीही जागा न सोडता त्यांनी तो सबंध दगड तपासला. मामी दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. अंगठा एका ठिकाणी थांबला, मागं गेला, परत तिथं आला, आणि पुढं सरकला. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवला. "आता तू."

मी मोबाइलचा दिवा लावला. साधा काळा दगड होता. नाक नव्हतं, मिशा नव्हत्या, छिन्नीचा एक घाव नव्हता. खोटं बोलावं असं फार वाटलं मला. एका म्हाताऱ्या माणसाला एवढं दिलं असतं तर माझं काय जाणार होतं? पण शपथ घातली होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो अंगठा. त्याला फसवणं कंपनीत कुणाला जमलं नव्हतं.

"मामा, काही नाही," मी म्हणालो. "साफ दगड आहे."

"माजाबी तोच रिपोर्ट हाय."

मामींनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. मामा तसेच बसून राहिले आणि थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेलो तर ते हसत होते. "आरं, म्हंजी बापानंबी तपासला नव्हता! आज्यानंबी न्हाई! सगळ्यांनी नुसत्या सह्या मारल्या!" पट्टीखालून पाणी येईल म्हणून मामी ओरडल्या तरी हसू थांबेना. "तीन पिढ्या बिनतपासणीचा माल चाललाय, आन् कम्प्लेंट म्हनशील तर एक न्हाई!"

"मग आता ओ?" मामींनी विचारलं.

"आता काय? सात वाजाया आलं. शेंदूर कालव."

देवाला पाणी घातलं, पुसलं, तेल लावलं. शेंदूर मामांनीच लावला, त्याला डोळे लागत नव्हते. मामींनी चांदीचे डोळे रांगोळीनं घासून माझ्या तळहातावर ठेवले, सोबत मेणाचे दोन गोळे. "तू लाव. मला सरळ यायचं न्हाई," मामा म्हणाले.

"मी? मामा, तुम्हाला माहितीय ना..."

"म्हायतीय. तुला सरळ लावता येतं का, तेवढं सांग."

मी कवचाचे तुकडे जुळवून पाहिले. नेमका डोळ्यांपाशीच चुरा झाला होता. दगडावर तर कसलीच खूण नव्हती. इंजिनिअरला कुठून मोजायचं हेच ठाऊक नसलं की तो खुळावतो. मी विचारलं, "मामा, लावू कुठं? वर, खाली, काहीच कळत नाही."

"हितं माज्याजागी बस," ते सरकत म्हणाले. "तुज्याकडं बघतोय असं तुला जिथनं वाटंल, तिथं लाव."

मी बसलो. किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. त्या केशरी दगडासमोर मला आई आठवली, ते चार महिने आठवले, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तो राग न येता आठवले. मग उठलो आणि डोळे लावले. मामांनी लगेच अंगठा फिरवला.

"डावा खाली हाय. दीड एमेम."

"काढून परत लावतो."

मामांचा अंगठा त्या डाव्या डोळ्यावर थांबून राहिला. केसाएवढ्या चुकीला लाल डबा दाखवणारा माणूस तो. "राहू दे," ते म्हणाले. "पास."

हात मी तेव्हाही जोडले नाहीत. फक्त निघताना देवाकडे पाठ करवेना, म्हणून उलट्या पावलांनी बाहेर आलो आणि पायरीवर ठेचकाळलो.

आठ वाजेपर्यंत गाव जमलं. मामांनी सगळ्यांना स्वच्छ सांगितलं, "आत तोंड न्हाई. आमी दोगांनी तपासलं." गावाचा विश्वास बसेल तर शपथ! सरपंच म्हणाले, "मामा, तुमच्या डोळ्याला पट्टी हाय, तुमाला काय दिसणार? आन् हे साहेब तर देव मानतच न्हाईत." पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मला तर आताबी दिसतंय की वो नाक." मामा माझ्याकडे वळले. "आपला रिपोर्ट दिला. पुढं कस्टमरची मर्जी." त्या दिवसापासून मी त्यांना देवळाच्या पायरीवर अंगठा पुसत बसलेलं पाहिलं नाही. पूजा झाली की हात धुवायचे आणि शेंगा मागवायचे.

पुढं मामी गेल्यावर मामांच्या मुलीनं त्यांना हिंजवडीला, अकराव्या मजल्यावर नेलं. पूजा पुतण्याकडे, संतोषकडे आली. दर रविवारी सकाळी मामांचा फोन यायचा. "कंपनी काय म्हणती? पोरगी काय म्हणती?" आणि शेवटी, हमखास, "डोळा जागेवर हाय का?" मी आठवड्यात एकदा जाऊन पाहिलेलं असायचं. "आहे मामा, दीड एमेम खाली." "मंग बेस." गेल्या पौषात एका रविवारी फोन आला नाही. दुपारी त्यांच्या मुलीचा आला. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, म्हणाली. मी रडलो, आणि मग संध्याकाळी देवळात गेलो, कारण रविवार होता आणि त्या आठवड्यात डोळा पाहायचा राहिला होता.

संतोष दिवाबत्ती करत होता. त्यालाही चाकणच्याच एका कंपनीत नोकरी आहे, नजर बारीक आहे. मला म्हणाला, "दादा, मी लई दिवस बघतोय, देवाचा डावा डोळा जरा खाली बसलाय. नवीन लेप लावताना सरळ करून घेऊ का?"

मी मामांच्या जागी बसलो होतो. तिथून तो डोळा सरळ माझ्याकडेच बघत होता.

"नको," मी म्हटलं. "तो मामांनी तपासून पास केलाय."