सुजलेल्या गुडघ्याचं निदान

धुळ्यात फिजिओथेरपीच्या दोन खोल्या थाटून मला वर्षही झालं नव्हतं. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, की पुढचं सगळं माझ्या दोन हातांवर. आणि त्या हातांवर माझाच विश्वास अजून बसायचा होता.

एके दिवशी सोनगीरहून एक मुलगी आली, कॉलेजच्या खो-खो संघातली. आदल्या दिवशी खांबाला वळसा घालताना तिचं पाऊल रुतलं आणि अंग मात्र फिरलं.

"आतून कट्‌ असा आवाज आला, मॅडम," ती म्हणाली.

गुडघा नारळाएवढा सुजला होता. सोबत वडील होते, तांब्या-पितळेची भांडी घडवणारे. गावातल्या मालीशवाल्याकडून पाय चोळून घेऊन मगच ते तिला माझ्याकडे घेऊन आले होते. मी तिची नडगी धरून पुढे ओढून पाहिली; आतला, हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट तुटला असेल तर ती सैल सरकते. दुखण्यानं मांडी दगडासारखी ताठरली होती, नडगी हलली नाही. "लचक आहे," मी सांगून टाकलं, "तीन-चार आठवड्यांत बरी होईल." बर्फ, क्रेप बँडेज आणि मांडीचे व्यायाम दिले.

पण तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना. आवाज येणं आणि लगेच सूज चढणं या लिगामेंट तुटल्याच्या खुणा. परीक्षेसाठी घोकलेल्या. मग मी ऐकून न ऐकल्यासारखं का केलं? दर भेटीला मी तिच्याकडून व्यायाम करून घ्यायचे, पण नडगी पुन्हा ओढून बघायचं टाळायचे. खरं सांगायचं तर मला उत्तर नको होतं.

चौथ्या आठवड्यात ती खुशीत आली. सूज ओसरली होती आणि विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर होती. बोलता बोलता म्हणाली, "काल एसटीतून उतरताना गुडघा एकदम निसटल्यासारखा झाला."

तिला झोपवलं, गुडघा किंचित वाकवला आणि नडगी ओढली. ती सरकत पुढे आली, कुठे अडलीच नाही. दुसऱ्या पायाची ओढून पाहिली, तर लगेच दोरी ताणल्यासारखी थांबली. पुन्हा पहिला पाय घेतला. तेच.

वडील बाहेर बाकावर बसले होते. मालीशवाल्यावर दोष ढकलून मोकळं होता आलं असतं. तो विचार मनात आलाही.

"आबा, पहिल्या दिवशी माझं चुकलं," मी म्हणाले. "आतला लिगामेंट तुटलाय. तिला निवडीला जाता येणार नाही."

ते बाकावरून उठले आणि त्यांच्या अहिराणी वळणात म्हणाले, "तवयच समजलं असतं तर पाय वाचता का?"

"तुटलेला जुळला नसता. पण मी तिला जपायला सांगितलं असतं. एसटीतून उतरताना पडली असती तर गुडघ्यात आणखी काही फाटलं असतं."

"आते काय करानं ते सांगा," ते म्हणाले.

मी तिला मुंबईला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनीही हातानं तपासून तेच निदान केलं. ऑपरेशन करता येईल म्हणाले, पण मुलीला आधी व्यायाम करून बघायचा होता. आठ महिने ती येत राहिली. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलणं, सायकलच्या ट्यूबमध्ये टाच अडकवून मागे ओढणं, डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. मग मैदानावर सरळ धावणं आणि शेवटी वळणं. ती वळायची तेव्हा मी तिच्या गुडघ्यावरून नजर हलवायचे नाही. गुडघा टिकला.

एक दिवस तीच म्हणाली, "मॅडम, मी आता खेळणार नाही. पाय तयार आहे, पण खांब दिसला की मन धजत नाही."

समजूत घालायला हवी होती, निदान थोडं थांबून ठरव म्हणायला हवं होतं. मी नुसती मान डोलावली. ती गेल्यावर मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची लाजही वाटली. ती सुटका तिच्यासाठी होती की माझ्यासाठी, हे मला आजही सांगता येत नाही.